बिनकडीची दारं

मोठ्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रिकाम्या वर्गाची परवानगी मागत होत्या.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती आणि मी नेमणुकीचा कागद घेऊन रुजू व्हायला आले होते. शाळा विट्याच्या पलीकडे, माळावर. मागे पवनचक्क्यांची रांग, पुढे चार बाभळी, आणि मधे पत्र्याची लांबलचक इमारत. माणूस म्हणून कुणी दिसेना. व्हरांड्याच्या टोकाला हळदी रंगाच्या विटक्या साडीतल्या एक उंच बाई एका दाराशी उभ्या होत्या. दार सताड उघडं, आत बाकांखेरीज काही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी दाराशी आहे. आत येतेय.” मग थांबल्या. आतून कुणी ‘या’ म्हणेल म्हणून माणूस थांबतो, तेवढ्याच. आणि मग आत गेल्या.

माझ्या अंगावर काटा आला. मी विज्ञानाची पदवी घेतलेली, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसला म्हणून भीती वाटायची थोडीच राहते! त्या बाहेर आल्यावर मी आधी कागद पुढे केला आणि मग न राहवून विचारलं, “आत कोण होतं?”

“कुणी नव्हतं.”

“मग सांगत होतात कुणाला?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “असतं तर?” त्या म्हणाल्या.

हे ‘असतं तर’ पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या घरीही ते शिरलं. आमचं घर विट्यातलं, बांगड्यांचा धंदा असलेलं. मी दारातून “मी आलेय” म्हणून थांबले की अम्मी आतून ओरडायची, “आलीस तर ये की, मिरवणूक काढू का?”

शाळेतल्या एकाही दाराला कडी नव्हती. बाईंनी हजर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या कड्या, कोयंडे, बोल्ट काढून घेतले होते. दारं उघडी राहावीत म्हणून प्रत्येकापुढे एकेक दगड. माळावरचा वारा तो, दगडाला कुठला ऐकतोय! मधेच एखादं दार दाणकन आपटायचं, मग दुसरं, मग ओळीनं सगळी, कुणीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेल्यासारखी. नवा माणूस दचकायचा. आम्ही जुने झाल्यावर मान वर करायचं सोडून दिलं, आणि ते बरं नव्हतं हे पुढे कळलं. कडी राहिली होती एकाच दाराला, पोषण आहाराच्या खोलीच्या. धान्य कुलपात ठेवायचा नियम होता, तिथं बाईंचं काही चाललं नाही.

त्या कुणाच्याही पाठीमागून येत नसत. वर्गात शिरायच्या त्या समोरून, आणि फळ्याकडे जातानाही भिंतीकडेनं लांबचा वळसा घालून. शिपाईमामांना सक्त ताकीद होती, घंटा वाजवण्याआधी व्हरांड्यातून सांगत जायचं. मामा बिचारे वयस्कर माणूस. घसा खाकरून म्हणायचे, “घंटा वाजवतोय बरं का, घंटा वाजवतोय,” आणि मग टोल द्यायचे. गावात त्याची नक्कल व्हायची. लग्नाच्या पंगतीत वाढपी म्हणायचे, “भात येतोय बरं का, भात येतोय.”

शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला त्यांनी बोलावून विचारलं, “तू बांगड्या का घालत नाहीस?”

मला राग आला. म्हटलं, बांगड्या विकून ज्या घराचं पोट भरलं त्या घरातली मी, मला आता ही बाई बाईपणाचे धडे देणार. मी म्हणाले, “मला आवडत नाहीत.”

“तुझी चाल मांजराची आहे. मुलांना तू आलेली कळत नाही. कालच्या तासाला तू मागून जाऊन त्या चौथ्या बाकावरच्या मुलाची वही उचललीस. पाहिलंस तो काय करत होता?”

मी पाहिलं नव्हतं.

“दोन्ही हात डोक्यावर धरले होते त्यानं. त्याच्या घरी मागूनच येतं ते. काचेच्या घाल. वाजणाऱ्या.”

दुसऱ्या दिवशी मी अब्बांच्या पेटीतल्या डझनभर हिरव्या बांगड्या दोन्ही हातांत चढवल्या. अम्मीला वाटलं, मी लग्नाला तयार झाले. तिच्या आनंदावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं होतं.

बाई मूळच्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या. तिथं पूर्वी हळद जमिनीखाली साठवत. माणसाला जेमतेम उतरता येईल एवढं तोंड आणि आत खोलीएवढी पोकळी, त्याला पेव म्हणतात. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं किडा लागत नाही, कारण आत हवाच उरत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. तोंड मोकळं करायचं आणि थांबायचं. मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर वरचे लोक पुन्हा थांबतात. महापुरांनी ती पेवं बुजली, पण बाईंच्या डोक्यातलं पेव काही बुजलं नव्हतं. “बंद झालेलं पोर म्हणजे पेव,” त्या आम्हा शिक्षकांना सांगायच्या. “उघडलं की लगेच आत उडी घेऊ नका. आधी हवा जाऊ द्या.”

शाळेत मारामारी झाली, काही चोरीला गेलं, कुणी कुणाला नको ते बोललं, की बाई शिक्षा करत नसत. सगळ्यांना गोल करून जमिनीवर बसवत. मधे भर दिवसा पेटवलेला कंदील. बाईंच्या कनवटीला एक जाडजूड हळकुंड असे, ते फिरायचं. ज्याच्या हातात हळकुंड तो बोलणार, बाकीचे ऐकणार. काय झालं, कुणाला लागलं, आणि आता काय केलं तर बरं वाटेल, एवढंच विचारायचं. मुलं या प्रकाराला ‘पेव’च म्हणत. “आज पेव हाय व्हय बाई?” असं विचारताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. कुणी खोटं बोललं तर कंदील विझतो अशी त्यांच्यात समजूत होती. बाईंनी ती कधी सांगितली नव्हती आणि कधी खोडलीही नाही. यावरून मी त्यांच्याशी भांडलेही होते. म्हटलं, अंधश्रद्धा आहे ही. त्या म्हणाल्या, “अजून विझलाय का कधी?” म्हटलं, नाही. “मग खरं बोलतायत म्हणायची.” असल्या बाईशी काय वाद घालणार!

एकदा त्या सांगलीला गेल्या असताना दोन मुलींचं भांडण मी माझ्या हिमतीवर पेव बसवून मिटवलं, आणि त्या आल्यावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कनवटीचं हळकुंड काढून मला दाखवलं. “हे अख्खं आहे. अर्ध्यानं पिवळी होऊ नकोस.” आठवडाभरात त्या मुली पुन्हा भांडल्या.

माया आमच्याकडे सातवीत आली. मेंढपाळांच्या वस्तीवरची, चुलत्याकडे राहणारी. तिचा बाप गलाईवाला. आमच्या भागातली निम्मी कर्ती माणसं परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात, त्याला गलाई म्हणतात. हिचा बाप कर्नाटकातल्या एका शहरात होता. तिथं दुकानातच तिची आई तेजाबाच्या वाफेनं गुदमरून गेली, एवढं आम्हाला चुलतीनं सांगितलं होतं. पोरगी तेव्हापासून बोलत नव्हती. ऐकायची, लिहायची, गणितं तर फार सुरेख सोडवायची. पण ओठ उघडत नव्हती.

बाईंनी तिला बोलायला सांगितलंच नाही. रोज सकाळी तिच्या बाकासमोर यायच्या, म्हणायच्या, “माया, मी आलेय,” थोडं थांबायच्या आणि निघून जायच्या. महिन्यातून एकदा स्वतः तिला एस.टी.नं सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन जायच्या. बाकी काही नाही. माया दाराजवळ बसायची आणि वाऱ्यानं दार आपटलं की सगळ्या वर्गात ती एकटी उठून उभी राहायची. आम्ही मान वर करत नसू. ती करायची.

आणि मग एका दुपारी तिनं पाचवीतल्या श्रेयसला पोषण आहाराच्या खोलीत कोंडलं.

श्रेयस शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा. त्याचा काही दोष नव्हता. स्वयंपाकाच्या मावशींनी पाठवलं म्हणून तो तांदळाचं मापटं आणायला आत गेला, आणि बाहेरून कडी लागली. मावशींनी दुसरं मापटं घेऊन काम भागवलं आणि त्या विसरल्या. जेवणाची सुट्टी संपली, पुढचे तास झाले; पोरं जेवायला घरी गेली असतील असं आम्ही धरून चाललो. त्या सगळ्या वेळात शाळेत कुठंतरी टकटक होत होती. मी ती ऐकली. सहावीला हवेचा दाब शिकवत होते आणि मुलांना म्हणालेसुद्धा, “हा बघा, वारा दार वाजवतोय.” शाळा सुटायच्या वेळेला मामा तिकडे गेले, तेव्हा बंद दाराला कान लावून माया बसलेली. आत श्रेयस घामानं ओलाचिंब, कपडे खराब झालेले, डोळे पांढरे.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कार्यालयात आले. जोरात न बोलणारा माणूस, म्हणून जास्त भीती वाटली. “बाई, तुमचं दिवे लावून बसनं लय झालं. माझं पोरगं मेलं असतं आत. पोरीचा दाखला द्या तिच्या हातात.”

मायाची चुलती दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. “आवं बाई, आमी पंधरा दिसांत मेंढरं घिऊन कोकणात उतरनार. शाळा न्हाई म्हनल्यावर हिला कुनाच्या दारात ठिवू? मालक म्हनत्यात, लगीन करून द्यायचं. स्थळ बी आलंय.”

माया सातवीत होती. माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या, इतक्या झटक्यात मी पुढे झाले.

बाई म्हणाल्या, “तुमच्या पोराला लागलंय, त्यामुळे तुमचा शब्द पहिला. मी दाखला लिहून ठेवते. पण सही करायच्या आधी एकदा बसू. तुम्ही, पोराची आई, पोरगा, माया आणि तिची चुलती. त्यानंतरही तुम्ही दाखलाच म्हणालात तर मी तिथंच सही करीन.”

त्या शब्दाच्या पक्क्या होत्या, म्हणूनच मला त्यांचा राग आला. त्यांना म्हटलं, कशाला कबूल केलंत? पुढचे दिवस त्या एकेकाच्या घरी जाऊन आल्या. अध्यक्षांकडे, चुलतीकडे, आणि श्रेयसकडे दोनदा. त्यालाच त्यांनी विचारलं, बसायचं का, आणि कुठं बसायचं. पोर म्हणालं, “तितंच. पन दार उघडं पायजे.”

म्हणून आम्ही सगळे दुपारी त्या धान्याच्या खोलीत बसलो. एक खिडकी, तीही पोत्यांआड. तांदळाचा आणि घासलेटचा वास. दाराला बाहेरून मोठा दगड लावलेला. मधे कंदील, त्याच्या एका बाजूला श्रेयस आई-बापाच्या मधे, समोर माया आणि चुलती. बाईंच्या मांडीवर लिहून तयार असलेला दाखला. त्यांनी हळकुंड काढलं, पण फिरवलं नाही, स्वतःच धरून बसल्या.

“मी आत येतेय,” त्या म्हणाल्या. दाराशी नाही, आमच्या मधे बसून.

“कंदील सोडायचं काम माझं होतं. भाऊ उतरणार होता पेवात. मला जत्रेला जायची घाई. पेव उघडून फार वेळ झाला नव्हता. मी कंदील सोडला, तो खाली गेल्या गेल्या विझला. मला वाटलं, वाऱ्यानं विझला असेल. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं. भावानं विचारलं, कंदील बरा आहे का? मी म्हटलं, आहे. तो उतरला तो वर आलाच नाही.” त्यांनी हळकुंड दुसऱ्या हातात घेतलं. “घरी सगळ्यांना वाटतं, तो विचारल्याशिवाय उतरला. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.”

मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं प्रत्येक रिकाम्या खोलीशी ही बाई का बोलत होती, ते मला समजलं आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

हळकुंड श्रेयसकडे गेलं. तो कंदिलाकडे बघूनच बोलला. “म्या मापटं काढत हुतो. कडी वाजली. म्या लय वरडलो. मग बाहेरनं टकटक झालं. म्हनून म्या बी टकटक केलं. मग परत बाहेरनं. म्या दमून थांबलो की बाहेरनं लय जोरात वाजायचं, दार पडंल असं. म्हनून म्या थांबलोच न्हाई. मला वाटलं, भूत हाय. थांबलो तर आत येतंय.”

आपल्याला कोंडणाराच बाहेरून दार ठोकतोय, हे त्या पोरानं दुपारभर ऐकलं होतं. मी मायाकडे पाहिलं. ती कंदिलाकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती.

आणि तेवढ्यात वाऱ्यानं दगड सरकला. दार दाणकन आपटलं. खोली काळी झाली, कंदिलाची ज्योत खाली बसली, निळी झाली, आता विझली असं वाटलं. श्रेयसनं आईच्या पोटात तोंड घातलं. चुलती देवाचं नाव घेऊ लागली. माया उठली आणि दारावर जाऊन आदळली. दोन्ही मुठींनी ठोकायला लागली आणि तिच्या तोंडून आवाज आला. घोगरा, गंजलेला, लहान पोरीचा नव्हेच. “बागला तगी! बागला तगी!”

मी उठायला गेले. बाईंनी माझा हात धरला. त्या बसूनच होत्या. “माया,” त्या म्हणाल्या, “कडी लागलेली नाही. ढकल.”

ती ठोकतच होती.

“मी इथं आहे. ढकल.”

तिनं ढकललं. दार उघडलं, ऊन आत आलं आणि कंदिलाची ज्योत हळूहळू वर चढली. माया उंबऱ्यात बसली. श्रेयसनं, कुणी न सांगता, हातातलं हळकुंड तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उचललं आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. “ना बागला तगीलिल्ल.”

चुलतीला कळलं नाही, मला कळलं नाही, बाईंनाही नाही. पण श्रेयसची आई पांढरी पडली. तिचं माहेर जतच्या पलीकडचं, कर्नाटकच्या हद्दीवरचं. घरात कानडीच बोलायचे.

“काय म्हणाली?” अध्यक्षांनी विचारलं.

“मघाशी ‘दार उघड, दार उघड’ म्हनत हुती. आता, दार म्या उघडलं न्हाई, म्हनती.”

मग माया तुटक तुटक बोलत गेली. पोरगी त्या शहरात शाळेत गेली होती, खेळली होती ती कानडीतच, आणि त्या दिवसाचे शब्दही तिच्यापाशी कानडीतच राहिले होते. श्रेयसची आई एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

मुशीत सोनं असताना दुकान उघडं ठेवायचं नाही, ही या धंद्यातली रीत. शटर ओढून बाहेरून कुलूप घालतात, आतला माणूस आत. त्या दिवशी बापाला कुठं तरी जायचं होतं. भट्टीपाशी आईला बसवलं, शटर लावलं आणि किल्ली मायाच्या फ्रॉकच्या खिशात टाकली. म्हणाला, मी येईपर्यंत कुणी काही म्हटलं तरी उघडायचं नाही. मग वीज गेली. तेजाबाची वाफ ओढणारा पंखा बंद पडला. आई आतून टकटक करायला लागली. माया पायरीवर बसून होती. बाबांनी उघडू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून तिनंही बाहेरून टकटक केलं. आईनं आतून केलं. बराच वेळ असं चाललं. मग आईनं थांबवलं.

“ती म्हनती,” श्रेयसची आई म्हणाली, “म्या लय जोरात वाजवलं. पन आई वाजवंना. किल्ली माझ्याकडं हुती.”

श्रेयसला कोंडून ती दुपारभर कुणाच्या टकटकीला उत्तर देत होती, ते आता कळलं. अध्यक्षांनी तोंड फिरवलं होतं. श्रेयसच्या आईनं जागेवरून उठून मायाला उराशी धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, “दाखला फाडा तो.” बाईंनी कागद त्यांच्याकडे दिला, तेव्हा त्यांनी तो घडी करून कंदिलाच्या काचेवर धरला. वरच्या भोकातून त्यानं पेट घेतला.

बाईंनी त्यांना थांबवलं नाही, पण घाईही केली नाही. त्यांचं काम अजून संपलं नव्हतं. त्यांनी श्रेयसला विचारलं, “लागलं तुला. तुला काय केलं तर बरं वाटेल?”

पोर लाजलं. मग म्हणालं, “मला संडासाचं दार लावता येत न्हाई आता. भ्या वाटतं. हिनं भाईर उभं ऱ्हावं. म्या टकटक केलं की हिनं करायचं. आन् म्या थांबलो तर तिनं उघडायचं.”

माया त्याच्याकडे बघत होती. तिनं मान डोलावली.

अध्यक्ष मोटरसायकलीच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि त्यांनी स्वतः त्या खोलीची कडी काढली. धान्य पुढे कुलपाच्या पत्र्याच्या कोठीत गेलं. नियमही राहिला आणि दारही.

चुलता मेंढरं घेऊन कोकणात गेला आणि माया श्रेयसच्या घरी राहिली; लग्नाचं मागं पडलं. त्या सत्रात शाळेच्या मागच्या बाजूनं रोज टकटक ऐकू यायची. आतून दोन, बाहेरून दोन. तपासणीला आलेले साहेब माझा तास ऐकता ऐकता थबकले. “हे काय आहे?” मी म्हटलं, “मुलं आहेत, सर.” त्यांना अर्थातच काही कळलं नाही. आम्ही मात्र आता टकटक ऐकली की बोलता बोलता थांबत होतो, दुसऱ्या बाजूनं उत्तर येईपर्यंत. एक दिवस श्रेयसनं मायाला सांगितलं, आता नको, मी मोठा झालो. माया माझ्याकडे आली आणि माझ्या मनगटाकडे बघून मराठीत म्हणाली, “मॅडम, तुमच्या तीन बांगड्या फुटल्यात.” मला ते शब्द कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठे वाटले. मी त्या दिवशी अम्मीच्या गळ्यात पडून रडले आणि तिला कारण सांगता आलं नाही.

बाई निवृत्त होऊन सांगलीला गेल्या, हरिपूरच्या रस्त्यावर स्वतःच्या जुन्या घरात. माया बारावी होऊन तिथंच नर्सिंग शिकायला गेली आणि त्यांच्याकडेच राहिली. त्या घरालाही कड्या नाहीत, हे सांगायला नकोच. अंगणाखाली एक बुजलेलं पेव आहे. मी गेले की बाई चहा पिता पिता मधेच हात वर करायच्या. “ऐकलंस?” जमिनीखालून काही वाजतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, पुराचा गाळ बसतोय, माती खचतेय. त्या म्हणायच्या, “असेल.” आणि कपबशी खाली ठेवून जमिनीवर बोटानं दोनदा टकटक करायच्या. मला तिथून लवकर निघावंसं वाटायचं.

परवा मायाचा फोन आला. बाई घरात पडल्या, उजवी बाजू गेली, दवाखान्यात आहेत. मी पहिल्या एस.टी.नं गेले. खोलीच्या दाराशी नेहमीच्या सवयीनं म्हटलं, “बाई, मी दाराशी आहे. आत येतेय,” आणि थांबले. आतून वाकड्या तोंडानं अस्पष्ट “ये” आलं. डॉक्टर म्हणाले होते, थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या. माया कॉटशी बसून मोसंबी सोलत होती. तिनं सांगितलं, कॉलेजला निघाले होते, रस्त्यावर पोचलेसुद्धा, आणि घरातून टकटक ऐकू आली. दोनदा.

“मग?”

“मग पळत आले. मी आत येतेय म्हनले न्हाई. थांबले बी न्हाई. ढकललं दार आन् गेले आत. बाई सैपाकघरात पडलेल्या.”

बाईंनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. त्यांना शब्द जमवायला वेळ लागत होता, मी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, “मी ठोकलं नाही गं. उजवा हात हलत नव्हता, डावा अंगाखाली अडकलेला. तोंडातून आवाजही निघत नव्हता.”

माझ्या हातांवर काटा उभा राहिला. पण मी विज्ञानाची शिक्षिका. मी लगेच सांगायला लागले, भांडं घरंगळलं असेल, मांजर असेल, वाऱ्यानं दार हललं असेल. बाई म्हणाल्या, त्या दिवशी वारा नव्हता. मग मी गाळाचं आणि मातीचं सांगायला लागले.

मायानं मोसंबीची एक फोड बाईंच्या ओठांशी नेली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “कुनी का ठोकंना, मॅडम. मी उघडलं.”